आगमनकाळ आणि घरचा हिशेब

दिवाळीचे डबे रिकामे होतात न होतात तोच माझ्याकडे नाताळची पत्रं यायला लागतात. एरवी या सदरात प्रार्थनेपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळं विचारलं जातं, पण या खेपेची बहुतेक पत्रं देण्याघेण्याची आहेत. किती द्यावं, कुणाला द्यावं, घरात ओढाताण असताना द्यावं का. नोकरी बँकेत झाली आणि मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, खजिनदारी बरीच वर्षं माझ्याकडे होती, म्हणून वाचक मला हे विचारतात. शास्त्रात जे वाचलं आणि अर्पण मोजायच्या टेबलावर बसून जे पाहिलं, त्यावरून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. माझ्या माहेरच्या मंडळीत नाताळच्या आधीचा आगमनकाळ पाळत नाहीत, थेट नाताळच. सासरी मात्र चार रविवार, चार मेणबत्त्या, वेदीवर जांभळं कापड. हे पवित्र शास्त्रात आहे का? नसेल तर मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला काय म्हणून शिकवू? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : शास्त्रात आगमनकाळ पाळा असं कुठेही लिहिलेलं नाही. ही मंडळीने स्वतःला लावून घेतलेली शिस्त आहे, आणि माझ्या मते फार चांगली शिस्त आहे. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा दिवस. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि त्या दिवशी चर्चचं नवं वर्ष सुरू होतं. पहिल्या रविवारच्या पाठांत गव्हाणी नसते, मेंढपाळ नसतात. प्रभू पुन्हा येणार आहे, जागे राहा, हे असतं. मग दोन रविवार योहान बाप्तिस्मा करणारा समोर उभा राहतो, आणि चौथ्या रविवारी कुठे आपण मरिया आणि योसेफाच्या घरी पोचतो.

जुन्या काळी हे दिवस उपासाचे होते. आजच्या फ्रान्समध्ये पाचव्या-सहाव्या शतकात संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातले काही दिवस उपास करायची रीत होती. हा मार्टिन म्हणजे ज्याने भर थंडीत रस्त्यावरच्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने मधोमध कापून अर्धा दिला तो सैनिक. आणि योहानाला लोकांनी विचारलं, आम्ही काय करावं, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे: ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, आणि ज्याच्याजवळ अन्न आहे त्यानेही तसंच करावं. म्हणजे आगमनकाळात अंगावरच्या कपड्याचा आणि ताटातल्या घासाचा विषय पहिल्यापासून आहे.

मेणबत्त्यांची गोष्ट मुलीला जरूर सांगा, तिला आवडेल. योहान विखर्न नावाच्या पाळकांनी जर्मनीत हॅम्बुर्गला गरीब, निराधार मुलांसाठी घर चालवलं होतं. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रोजच्यासाठी लहान तांबड्या मेणबत्त्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. मुलं रोज एक पेटवायची आणि दिवस मोजायची. आज आपल्याकडे त्यातल्या चार उरल्या आहेत.

तुमच्या घरी पितळेचं ताट असेल. त्यात चार मेणबत्त्या लावा आणि भोवती कुंडीतली हिरवी पानं ठेवा. बाजारातली तयार चकती लागत नाही. पहिली मेणबत्ती लावली की मुलीला तिचं कपाट उघडायला सांगा आणि एक स्वेटर काढू द्या. आखूड झालेला नको, तिला आत्ता अंगाला नीट बसतो असा. कुणाला द्यायचा तेही तिलाच सुचवू द्या. मुलं फार अचूक माणूस शोधतात. सासरच्या रीतीचं ओझं वाटत असेल तर ते यातून हलकं होईल, आणि माहेरच्या लोकांनाही यात शास्त्राबाहेरचं काही सापडणार नाही.

प्रश्न : मी सातपूरला एका कारखान्यात कंत्राटी फिटर आहे. हातात १६,००० रुपये येतात. गाडीचा हप्ता आहे, शिवाय मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले ३०,००० द्यायचे आहेत. आमच्या सहभागितेत, म्हणजे प्रार्थनेच्या मंडळीत, सांगतात की दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दिला नाही तर तुम्ही देवाला लुबाडता. पत्नीचंही तेच म्हणणं आहे. नाताळच्या खास अर्पणासाठी ठेकेदाराकडून उचल घ्यावी असं मनात आहे. चुकतंय का? (एक बंधू, सातपूर)

उत्तर : भाऊ, उचल घेऊ नका. हे पहिल्या ओळीतच लिहिते, कारण उपासनेला उशीर होईल म्हणून तुम्ही बाकीचं उत्तर अर्धवट वाचाल.

देवाला लुबाडण्याची गोष्ट मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातली आहे, आणि ती खरी आहे. पण भांडारात आणायला सांगितलेला तो दशांश कुणासाठी होता? जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाच्या दशांशाबद्दल स्पष्ट लिहिलंय: मंदिराची सेवा करणारा, वतन नसलेला लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर जेवावं म्हणून. शेत आणि गुरंढोरं असलेल्या माणसाने, ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी काढून ठेवलेलं धान्य ते. तुमच्या घरात महिनाअखेर किराणा उधारीवर येत असेल, तर त्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात याचा विचार करा. तुमच्या पाळकांबद्दल मी वावगं बोलत नाही. दशांश ही चांगली सवय आहे, मी स्वतः ती पाळते, पण मला पेन्शन आहे आणि माझ्यावर कुणाचं देणं नाही.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीकडे यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागितली, तेव्हा दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने जे लिहिलं ते या बाबतीत मला सर्वांत आधाराचं वाटतं. माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. आणि पुढे म्हणतो, इतरांना आराम आणि तुम्हाला ओढाताण व्हावी असा माझा हेतू नाही. पौल अर्पण मागायला लाजणारा माणूस नव्हता, तरीही त्याने ही मर्यादा घालून दिली.

आपल्याजवळ होतं तेवढं सगळं, म्हणजे दोन दमड्या, दानपेटीत टाकणाऱ्या विधवेची आठवण तुम्हाला कुणीतरी करून देईलच. तो उतारा वाचाल तेव्हा मार्कच्या बाराव्या अध्यायातलं त्याच्या आधीचं वाक्यही वाचा. प्रभू तिथे विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो आणि लगेच ती विधवा येते. त्याने तिचं मन पाहिलं आणि मोठं मानलं. सगळ्या गरिबांनी असंच रिकामं व्हावं असा नियम त्याने तिथे घातला नाही.

आता हिशेब. मेव्हण्याचे पैसे हे तुमचं पहिलं काम. नात्यातलं उसनं थकलं की बहिणीच्या संसारात त्याची कुरकुर सुरू होते, आणि तुम्ही चर्चमध्ये पाकीट टाकताना तो मागच्या बाकावरून बघत असतो. दरमहा २,००० ठरवा, कागदावर लिहून त्याला दाखवा आणि पहिला हप्ता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आत द्या. पत्नीचं देव आधी हे म्हणणं मोडीत काढू नका. पगार झाला त्याच दिवशी १०० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा. महिना संपताना उरेल त्यातून नको, कारण उरत नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका शंभराहून अधिक वर्षं दर स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. तिथली मोठमोठी कामं त्या मुठीवर उभी राहिली. मूठ काढल्यावर घरातलं कुणी उपाशी राहत नाही, म्हणूनच ती एवढी वर्षं टिकली.

अर्पण मोजताना मी एक पाकीट नेहमी ओळखायची. पाकीट कसलं, वहीच्या आखीव कागदाची पुडी. आत पाच-दहाची नाणी आणि कागदावर पेन्सिलीने एकच शब्द, ‘आभार’. नाव कधी नसायचं. ती पुडी रजिस्टरमध्ये लिहिताना आम्ही तिघेही मोजणारे थोडा वेळ थांबायचो. इतर कुठल्याही रकमेपाशी असं थांबल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. तुम्ही फिटर आहात. तुमच्या मंडळीत एखादी एकटी राहणारी वयस्कर बाई असेलच, जिचा नळ गळतोय किंवा पंपाचा वॉशर गेलाय. एक रविवार दुपार तिला द्या.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात अवकाळीने माल गेला. यंदा घड चांगले धरलेत, म्हणून चर्चच्या फरशीसाठी ५१,००० रुपये उपकारस्तुतीचं अर्पण द्यायचं ठरवलंय, वडिलांच्या नावाची पाटी लावून. मुलगा म्हणतो आधी मजुरांचं बघा. मजुरांचा हिशेब आमच्याकडे हंगाम संपल्यावरच होतो, मधे लागेल तशी उचल देतो. मुलाशी यावरून वाद चाललाय. (एक शेतकरी)

उत्तर : दादा, माल हातात यायच्या आधी, विरळणीच्या दिवसांत तुम्ही उपकारस्तुतीचा विचार करता, याला मोठी श्रद्धा लागते. गेल्या वर्षी ज्याची बाग गेली तो सहसा पैसे हातात पडेपर्यंत थांबतो. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण पुढचं तुम्हाला कडू लागेल. मुलगा बरोबर आहे.

अनुवादाचा चोविसावा अध्याय काढा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला आहे. याकोबाचं पत्र तर शेतकऱ्यालाच लिहिल्यासारखं आहे: शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. तुमच्याकडे मजुरी बुडत नाही, फक्त उशिरा मिळते, हे मला माहीत आहे. पेठ-सुरगाण्याची टोळी येते, एकराच्या भावाने काम ठरतं, मुकादमाला उचल मिळते आणि शेवटचा हिशेब मार्च-एप्रिलमध्ये होतो. सगळ्या तालुक्यात हीच रीत आहे. पण मधल्या महिन्यांत पोर आजारी पडलं तर त्या बाईला आपल्याच कमाईसाठी तुमच्या ओट्यापाशी येऊन हात पसरावा लागतो.

नाताळच्या आसपास बागेत सकाळी जाऊन बघा, म्हणजे तुम्ही रोज बघताच, पण या डोळ्यांनी बघा. दव पडलेलं असतं, पानं ओली, आणि बायका डोक्यावरून साडीचा पदर घट्ट बांधून मांडवाखाली मान वर करून उभ्या. एका हाताने घड धरायचा, दुसऱ्या हातातल्या बारीक कात्रीने आतले मणी काढायचे, म्हणजे उरलेला मणी फुगेल. दिवसभर मान तशीच वर. निफाड-दिंडोरीकडे याच दिवसांत पारा एक आकड्यावर येतो. त्यांची पोरं पत्र्याच्या शेडमध्ये गोधडीत असतात. पत्रा रात्री किती गार पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात द्राक्षमळेवाल्यांसाठी वेगळी आज्ञाच आहे. मळा झाडून सगळा खुडू नका, खाली पडलेली द्राक्षं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आपल्याकडे पहिल्या तोडणीनंतर राहिलेला माल बेदाण्याला जातो, वेलीवर काही ठेवत नाहीत. मी काही तुम्हाला घड वेलीवर सोडा म्हणत नाही. पण त्या आज्ञेमागचा विचार आजच्या बागेत कुठे बसतो, हे तुम्ही आणि तुमच्या मुलाने एकत्र बसून ठरवावं, असं मला वाटतं. वाद मिटायचा असेल तर तो याच कामात मिटेल.

माझं म्हणणं असं. आजपर्यंत जेवढं काम झालं तेवढ्याची मजुरी, उचल वजा करून, पहिल्या रविवारच्या आत चुकती करा. मुकादमासमोर पण ज्याची त्याच्या हातात. इथून पुढे दर बाजारच्या दिवशी हिशेब. त्या ५१,००० मधून शेडला जाड ताडपत्री आणि माणशी एक चांगली सोलापुरी चादर घ्या. उरेल ते फरशीला द्या. फरशी पुढच्या वर्षीही बसेल, आणि मंडळीतल्या बाकीच्या घरांनाही त्यात हात लावता येईल.

पाटीचं म्हणाल, तर मत्तयच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभू सांगतो. वडिलांचं नाव उपासनेत आभारप्रार्थनेत घ्यायला सांगा. मंडळी आमेन म्हणेल, ते पाटीपेक्षा जास्त आहे.

प्रश्न : आम्ही नाशिकरोडच्या एका पॅरिशचा युवक गट आहोत. दर नाताळला गोदाघाटावर आणि झोपडपट्टीत ब्लँकेट, बिस्किटं वाटतो आणि फोटो टाकतो. या वर्षी काही ज्येष्ठांनी फोटोला हरकत घेतली. आमचं म्हणणं, फोटो पाहून आणखी लोक पैसे देतात. शिवाय वाटप याहून चांगलं कसं करता येईल?

उत्तर : ज्येष्ठांचं ऐका. घाटावर झोपलेल्या आजोबांना थंडीत उठवून, हातात ब्लँकेट देऊन, कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं हे त्यांनी तुमच्याकडे मागितलेलं नाही. पैसे देणाऱ्यांना हिशेब दाखवा: खरेदीचं बिल, किती नग, कुठे दिले. देणाऱ्याचा विश्वास बिलावर बसतो. खजिनदार म्हणून मी हे अनुभवलंय.

२५ डिसेंबरला घाटावर वाटप करणारे बरेच असतात. १० जानेवारीला कुणी फिरकत नाही आणि थंडी तेव्हाही तेवढीच असते. तेव्हा जा. जायच्या आठवडाभर आधी दोघांनी नुसतं जाऊन विचारून या. कुणाकडे ब्लँकेट तीन झालेली असतात आणि चप्पल नसते. सरकारी दवाखान्यांच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक उघड्यावर रात्र काढतात. त्यांना पहाटे गरम पाणी आणि चहा मिळाला तर ते बिस्किटांच्या पुड्यापेक्षा मोलाचं आहे. ब्लँकेटबरोबर धर्मप्रचाराच्या पत्रिका देऊ नका. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही कोण, तर सांगा. आणि पंचवटीत पूर्वापार अन्नछत्रं चालत आली आहेत, गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, त्यांच्या लोकांशी बोला. कुठे कमी पडतंय ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला तुम्ही एवढी गर्दी सांभाळता, तुम्हाला हे नियोजन जड नाही.

वाटपाहून चांगलं काय, असं विचारलंत म्हणून आपल्याच नाशिकची आठवण करून देते. शरणपूर रोडला तुम्ही कपडे घ्यायला जाता. तिथलं शरणपूर एकोणिसाव्या शतकात मिशनने वसवलं. समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आणून ठेवलं होतं. त्यांना जेवण-कपडे दिले, आणि सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणंही शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर होता. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या मधल्या भागात वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेले हे तरुण होते. वेनराइट शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. आपल्या गावात कुणीतरी त्याला अक्षरं शिकवली होती. तुमच्या गटात इंजिनिअरिंगची मुलं आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत. झोपडपट्टीतल्या दोन मुलांना दहावीचं गणित वर्षभर शिकवा. याचा फोटो निघत नाही, पण करून बघा.

प्रश्न : बाई, माझा मुलगा चर्चच्या कमिटीवर आहे. देणगी देण्यात सगळ्यांच्या पुढे, सगळे त्याचं नाव घेतात. मी जुन्या घरात एकटी असते. बीपी-शुगरच्या गोळ्या यांच्या पेन्शनमधून घेते, कधी महिनाअखेरीला राहतात. त्याला काही बोलले तर देवाच्या कामात आड आल्यासारखं होईल का? (एक आई, जुनं नाशिक)

उत्तर : आई, नाही होणार. तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं.

मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू नेमक्या याच गोष्टीवर चिडलेला आहे. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय, म्हणजे ते कुर्बान आहे, असं म्हणून काही लोक मोकळे व्हायचे. प्रभू म्हणाला, तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर पौल म्हणतो की जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. एवढं कडक वाक्य त्याने पैशाच्या बाबतीत दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलेलं मला आठवत नाही.

तुमचा मुलगा वाईट आहे असं तुमच्या पत्रातून दिसत नाही. त्याला बहुतेक ठाऊकच नाही, कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि तो आला की तुम्ही डब्यातला लाडू पुढे करता. गोळ्यांची चिठ्ठी आणि मेडिकलचं मागच्या महिन्याचं बिल टेबलावर ठेवा आणि म्हणा, हे दरमहा तू भर. एवढंच बोला, रडू नका, जुनं काही काढू नका. जमत नसेल तर तुमच्या पाळकांना सांगा. ते त्याला एकट्याला गाठून बोलतील, आणि बोललंच पाहिजे त्यांनी. आणि गोळ्या मात्र चुकवू नका. या महिन्यात कमी पडल्या तर शेजारणीकडून पैसे घ्या, पण गोळी घ्या.

हे उत्तर वाचणाऱ्या सगळ्या कमिटी मेंबरांना माझी विनंती: या रविवारी उपासनेनंतर घरी जाण्याआधी आईकडे जाऊन या आणि औषधाचा डबा उघडून बघा.

प्रश्न : चौथ्या रविवारी प्रेमाची मेणबत्ती लावायचा मान मला दिलाय. सख्ख्या बहिणीशी घराच्या वाटणीवरून दोन वर्षं बोलणं नाही. ती त्याच उपासनेत असते. मान नाकारू का?

उत्तर : नाकारू नका. चौथ्या रविवारला अजून वेळ आहे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं सांगणं तुम्हाला पाठ असणार. फोन करू नका, घरी जा, आणि वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका. तो वकिलासमोर किंवा मोठ्या मामांसमोर नंतर सुटेल. ती दार लावून घेईल अशी भीती असेल तर बरोबर तिच्या भाच्याला न्या. तरीही दार लागलं, तर मेणबत्ती लावायला जा आणि तिच्यासाठी प्रार्थना करा. तुमच्या बाजूचं तुम्ही केलेलं असेल.

प्रश्न : नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण हे सदर नेहमी वाचते. कॉलेज रोडला आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. दर नाताळला त्यांच्याकडून करंज्या, शंकरपाळे, केक असं ताट येतं. ऑगस्टमध्ये त्यांच्या घरातले काका गेले. या वर्षी आपण काही न्यावं का? त्यांच्यात चालतं का? काय बोलावं ते सुचत नाही.

उत्तर : चालतं, आणि जरूर न्या. दुःखाच्या वर्षी आपल्याकडेही बऱ्याच घरांत तळण करत नाहीत, तारा लावत नाहीत, पोरांना नवे कपडे घेतले तर घेतले. उपासनेला मात्र सगळे जातात. अशा वेळी शेजारून आलेलं ताट फार आधाराचं असतं. गोडाचं चालतं, केकच पाहिजे असं नाही. तुमच्या हातच्या करंज्या न्या.

पण २५ तारखेची वाट बघू नका. त्या दिवशी त्यांच्याकडे नातेवाईक असतील, आणि काकू सगळ्यांसमोर धीर धरून बसलेल्या असतील. त्याआधीचे हे चार आठवडे जास्त कठीण जातात. कॅरलवाल्यांची ढोलकी रात्री गल्लीत वाजते, मागच्या वर्षी दार उघडायला काका उठायचे, हे सगळं याच दिवसांत आठवतं. एखाद्या संध्याकाळी, चार-पाचच्या सुमाराला, सहज म्हणून जा. काय बोलावं हे सुचत नसेल तर काकांचं नाव घ्या, त्यांची एखादी आठवण सांगा. माणूस गेल्यावर लोक नाव घ्यायचं टाळतात आणि घरच्यांना तेच सलतं. काकू रडल्या तर रडू द्या. त्यांनी प्रार्थना करूया का असं विचारलं तर तुमच्या मनाला पटलं तरच बसा. नाही म्हणालात तरी त्या मनाला लावून घेणार नाहीत.

दवाखान्याची, बँकेची, पेन्शनची कागदपत्रं अजून राहिलीत का, हेही विचारा. गृहिणीच्या हातात हे काम अचानक येतं. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, बँकेतलं वारसाचं नाव, गॅसच्या कनेक्शनचं नाव बदलणं. तुमच्या घरात कुणाला यातली माहिती असेल तर एक दुपार त्यांच्याबरोबर बँकेत जा. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवायला सांगा, प्रत्येक ठिकाणी वेगळी लागते. आणि काकूंनी ताट परत करताना त्यात साखर घालून दिली तर नको म्हणू नका, घ्या.